चार बोटं कोरडी

दुर्पता डोंग्यात बसली आणि डोंगा बुडाला. घडलं ते एवढंच. पण ते भर सकाळी, गावच्या तळ्याच्या घाटावर, पंधरा-वीस बायाबापड्यांच्या देखत घडलं, आणि आमच्या झाडीपट्टीत लोकांना हसायला एवढं कारण पोळ्यापर्यंत पुरतं.

डोंगा तो केवढा? एका खोडातून कोरून काढलेला, एका माणसाच्या बैठकीला जेमतेम पुरेल असा. शिंगाड्याचे वेल पाण्यावर दाट पसरतात. त्यांच्यातून वाट काढायची तर डोंगा अरुंदच लागतो. रुंद नाव घातली की वेल तुटतात आणि सगळं गाव अंगावर येतं. दुर्पतानं त्यात बूड टेकलं, पाय लांब केले, वल्ह्याची फळी हातात घेतली, आणि दोन्ही कडांवरून पाणी अगदी सावकाश आत आलं. बाई कमरेएवढ्या पाण्यात आणि डोंगा तिच्याखाली चिखलात. बायकांनी तोंडात पदर कोंबले, तरी ऐकू जायचं ते गेलंच.

"अवो दुर्पते, दवनीवाड्याचं सारं तूप तळ्यात सांडलं वो!" कुणीतरी ओरडलं.

दुर्पताही हसली. हसल्याशिवाय घाटावरून घरी जाता येत नव्हतं म्हणून हसली. घरी आली, ओलं लुगडं न सोडताच चुलीपुढं बसली आणि ढसाढसा रडली.

तिचं रडणं लाजेचं नव्हतं. लाज चार दिवसांत धुऊन जाते. नवेगाव बांधापासून कोसभर अलीकडच्या त्या गावात ढिवरांनी, तिथल्या मासेमारांनी, तळं पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं होतं. दर घराला पाण्याची एक पट्टी. आखाडात वेल लावायचे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली तोड करायची. त्या पहिल्या तोडीचा एक नेम होता. घरातल्याच माणसानं घरच्याच डोंग्यात बसून जायचं, टोपली भरायची आणि आपल्या हातानं ती पंचांपुढं ठेवायची. चाकर चालत नाही, शेजारी चालत नाही, भाऊबंद चालत नाही. ज्या घरून कुणी आलं नाही त्याची पट्टी जवळच्या भाऊबंदाकडे जायची आणि पुन्हा परत यायची नाही.

दुर्पताच्या मायनं ही पट्टी तीस वर्षं राखली. मागच्या साली तिच्या डोळ्यांवर पडदा आला. तेव्हा दुर्पताचा चुलतभाऊ चैतराम तिच्या नावानं पाण्यात गेला, आणि म्हातारीच्या तोंडाकडं पाहून पंचांनी ते एका सालापुरतं चालवून घेतलं. यंदा चालणार नव्हतं. यंदा एकतर दुर्पता जाईल, नाहीतर पट्टी चैतरामची होईल. मायलेकींना ना शेत, ना बैल, ना कमावता गडी. वाळवलेले शिंगाडे वर्षभर खायचे आणि उरलेले धानाच्या बदल्यात द्यायचे, यावर त्यांचं पोट होतं. वेल लावताना पाण्यात उभं राहता येतं, तसे त्यांनी ते लावलेही होते. तोडीपर्यंत तळं भरतं आणि पायाला तळ सापडत नाही. तिथं डोंगाच लागतो.

आता दुर्पताचं वजन वाढलं कसं, हेही सांगायला हवं. कारण ढिवराघरची बाई जाडी असणं म्हणजे नवलच. ढिवराच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं. म्हणून विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झाल्यावर दुर्पता दवनीवाड्याला मालगुजाराच्या, तिथल्या जमीनदाराच्या, घरी पाणी भरायला लागली, आणि पाण्यावरून हळूहळू चुलीवर आली. बारा वर्षं तिनं तिथं रांधलं. मालकीण जमुनाबाई ताटात जे टाकायच्या ते ती खायची. गोंदियाच्या गिरणीचा पांढराशुभ्र भात, तुपातल्या पुऱ्या, सणाचं उरलेलं गोडधोड. ज्या पोरीनं लहानपणी पेजेवर दिवस काढले तिला अन्न टाकवत नसे. तिनं बारा वर्षांत काही टाकलं नाही.

जमुनाबाई तिच्याहून दुप्पट होत्या. त्यांना साखरेचा आजार झाला तेव्हा गोंदियाहून डाक्टर आला. दुर्पता हात धुवायला पाणी घेऊन दाराशी उभी होती. डाक्टर म्हणाला, "चावल बंद, घी-शक्कर बंद. दाल खाइये, भाजी खाइये. छिलका मत फेंकिये, दाल का पानी मत फेंकिये, ताकत उसी में है. वजन उतरेगा तो जियेंगी." मालकिणीनं मान डोलावली आणि तो टांग्यात बसताच पुरी मागितली. चैतात त्या गेल्या. सुनेनं माहेरची स्वयंपाकीण आणली आणि दुर्पताला दोन लुगडी देऊन निरोप दिला.

डाक्टरचं बोलणं मात्र दुर्पताच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जमुनाबाईंनी ते ऐकलं नाही आणि त्या मेल्या, याहून मोठा पुरावा तिला कुणी दिला असता? त्या दिवशी रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि मायला विचारलं, "माय, घरात दाल कोनती आहे?"

"लाखोरी आहे ना, कोठीभर," माय म्हणाली. "दुसरी कोनती राहीन?"

मूग मालगुजाराच्या घरी शिजायचे. गरिबाच्या घरी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, धानाच्या खाचरात, तिचं बी नुसतं फेकतात, ती आपली आपण येते, आणि उपटायला गेलेल्या बायकांना मजुरीतही तीच मिळते. मायनं चाचपडत उपटून कमावलेली उभ्या उन्हाळ्याची मजुरी त्या कोठीत पडून होती. दुर्पताला वाटलं, देवानंच आपल्यासाठी ठेवली. फुकटची, पोटभरीची, सालासकटची डाळ. डाक्टरनं सांगितलेलं सगळं घरात हजर होतं आणि गाठीचं काही सुटणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भात सोडला. सकाळी लाखोरीच्या घुगऱ्या, दुपारी भरडून केलेली भाकर, सांजेला पातळ वरण आणि तरोट्याची भाजी. भाजी काय, बांधावर हवी तेवढी. तूप-साखर घरात नव्हतीच, ती सोडल्याचं पुण्य आयतंच मिळालं. हे सगळं ठीक होतं. पण मायला हात चाचपडत चुलीशी यायची खोड होती, आणि एके सकाळी तिच्या हाताला भिजवणाचं भांडं लागलं.

"दुर्पते, पानी फेकलं नाही का वो?"

"नाही."

"काऊन? लाखोरीचं पानी फेकाचं राह्यते. रातभर भिजवाची, सकाळी पानी उकिरड्यावर ओताचं, आन् मंग भातासंग दोन मुठी खाची. माही सासू असंच करे, तिची सासू असंच करे."

"म्हनूनच तुमच्या अंगात जीव नाही. डाक्टर सांगे, ताकद पान्यातच राह्यते."

"डाक्टरानं लाखोरी सांगतली का तुले?"

"दाल सांगतली. दाल ते दाल."

"नुसती लाखोरी पाय धरते वो बाई," माय म्हणाली. पण बारा वर्षं मोठ्या घरी राहून आलेल्या माणसाला घरच्या म्हातारीचं बोलणं पटलं असं कधी झालंय? दुर्पतानं तिच्यासमोर ते पाणी गटागटा पिऊन टाकलं.  मायला दिसत नव्हतं, पण घोटांचा आवाज येत होता.

वजन करायला काटा कुठला? काटा म्हणजे डोंगाच. दर आठ दिवसांनी, घाटावर कुणी नसेल अशा वेळी, दोघी उथळ पाण्यात जायच्या. दुर्पता डोंग्यात बसायची, माय गुडघाभर पाण्यात उभी राहून कडेवर हात ठेवायची आणि पाण्यापासून वर लाकूड किती कोरडं आहे ते बोटांनी मोजायची. भरली टोपली दोन बोटं खाते आणि वाऱ्याची लाट आणखी एक-दीड. म्हणजे रिकाम्या डोंग्यात चार बोटं कोरडी राहिली तरच बाई टोपली घेऊन परत येणार. चाराच्या खाली मायनं कधी डोंगा पाण्यात लोटला नव्हता.

श्रावण लागता लागता डोंगा बुडायचा थांबला. अर्ध्या श्रावणात माय म्हणाली, "एक बोट." पोळ्याच्या आधी दोन झाली. दुर्पताला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला. लुगड्याला दोन निऱ्या जास्त पडायला लागल्या, गळ्याचं हाड वर आलं. घाटावरच्या हसणाऱ्या बायका आता तिच्याकडं टक लावून पाहत. एकीनं तर चोरून विचारलं, काय खातेस म्हणून. दुर्पतानं डाक्टरचं सगळं प्रवचन तिला ऐकवलं, हिंदीतल्या हिंदीत.

या सगळ्यात तिला एकच माणूस खुपत होतं. चैतरामची बायको वच्छला. काडीसारखी बाई, चार लेकरांची माय, तिच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. मागच्या साली चैतराम पाण्यात गेला होता तो पहिल्या टोपलीपुरता, नावाला; पुढची खरी तोड हिनंच केली होती. ही वच्छला दर दोन-तीन दिवसांनी पदराखाली झाकून भाताची वाटी आणायची. घरी कुटलेल्या तांदळाचा लालसर, वाफाळता भात.

"बाई, हा खा वो थोडासा. नुसत्या लाखोरीवर राहू नोको."

दुर्पता वाटी घ्यायची, हसायची आणि ती जाताच मायपुढं सरकवायची. तिला का समजत नव्हतं? भात आत गेला की बोट बुडणार, बोट बुडालं की पट्टी चैतरामच्या घरात. नवऱ्यानं बायकोच्या हातून भात धाडायचा, ही कसली माया. मालगुजाराच्या घरी बारा वर्षं भाऊबंदकी पाहिलेली बाई होती ती. अशा वाट्या तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या.

पोळ्यानंतर पाय जड व्हायला लागले. सकाळी उठलं की पोटऱ्या आखडलेल्या असायच्या, जरा चाललं की सैल व्हायच्या. मग जरा चालूनही सैल होईनात. दुर्पताला वाटलं, वजन उतरतंय तर एवढं व्हायचंच. पितृपंधरवड्यात एके दिवशी पाण्याचा गुंड घेऊन बांधावरून येताना ती सपाट रस्त्यावर पडली. गुंड फुटला नाही, गुडघा फुटला. उठताना तिला कळेना की कुठला पाय आधी टेकावा.

बांधाखाली, देवळाच्या ओट्यावर पतिराम दोर वळत बसलेला असे. साठीचा म्हातारा, दोन काठ्यांवर चालायचा, आणि चालताना त्याचा एक पाय दुसऱ्याला कात्रीसारखा आडवा यायचा. गावातली पोरं त्याची नक्कल करत. दुर्पतानंही लहानपणी केली होती. तो तसाच जन्मला असं तिला वाटायचं.

"इकडं ये वो पोरी," पतिराम म्हणाला.

ती गेली.

"टाच टेकव भुईले."

तिनं टेकवली. म्हणजे टेकवायला गेली. टाच जमिनीपासून दोन बोटं वर राहिली आणि पोटरी थरथरायला लागली. तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून पाहिला, तरी टाच खाली जाईना.

पतिरामनं दोर खाली ठेवला. "किती दिवस झाले लाखोरीवर?"

"आखाडापासून."

"नुसती?"

दुर्पतानं मान डोलावली.

"छपन्याच्या दुकाळात आमच्या घरी दुसरं काही नोहतं," पतिराम म्हणाला. "माहा बाप, मी आन् दोघं भाऊ, लाखोरीच खाल्ली. मी चांगला गडी होतो वो, कुस्ती खेरो. मले का मालूम? पह्यले पोटऱ्या धरते, मंग टाच उचलते, मंग हे." त्यानं काठ्यांकडं बोट केलं. "आज सोडशीन त एका काठीवर चालशीन. नाही सोडशीन त माह्यासारखी होशीन, नाही त रांगशीन."

"सोडल्यावर नीट होते का?"

"गेलं ते येत नाही. राहिलं ते राह्यते."

 मायचं बोलणं, तिच्या सासूचं आणि सासूच्या सासूचं उकिरड्यावर ओतलेलं पाणी, सगळं एकदम दुर्पताच्या डोळ्यांपुढं आलं. ते पाणी अडीच महिने तिनं औषध म्हणून प्यायलं होतं. तिला डाक्टरचा राग आला, मग आपला आला. डाक्टर बिचारा मुगाबद्दल बोलत होता. लाखोरी त्याच्या पानात कधी पडलीच नसेल.

तिनं विचारलं, "काका, पंधरा-वीस दिसांत पाय किती जाते?"

पतिराम तिच्याकडं बघतच राहिला. त्याला प्रश्न कळला, आणि कळल्यावर त्याचं तोंड कडू झालं.

"मले का मालूम," तो म्हणाला. "मी मोजले नोहते."

त्या दिवशी डोंग्याची कड तीन बोटं कोरडी होती. दसऱ्याला वीस दिवस होते. एक बोट उरलं होतं. दुर्पता घरी गेली आणि तिनं कोठीचं झाकण काढलं, ते परत लावलं, पुन्हा काढलं. उपास करून पाहिला होता तिनं एकदा, भाद्रपदाच्या सुरुवातीला. दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन वेल निंदताना पाण्यात तोंडावर पडली होती. भात खाल्ला तर पाय वाचतील आणि पट्टी जाईल. पट्टी गेल्यावर ते वाचलेले पाय घेऊन जायचं कुठं? आंधळ्या मायला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? दवनीवाड्याचं दार तर बंद झालंच होतं. रडून रडून तिचा जीव गोळा झाला. शेवटी तिनं दोन मुठी लाखोरी काढून भिजत घातली. सकाळी हात भांड्याकडं गेला, ते पाणी तिनं या वेळी ओतून टाकलं. तेवढंच तिनं मायचं ऐकलं. आता त्यानं काय होणार होतं?

वच्छलाला कुणी सांगितलं कोण जाणे, पतिरामनंच सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी ती वाटी न घेता भांडंच घेऊन आली आणि दारातच बसली.

"बाई, मी तुह्यी पट्टी नाही मागत. तुह्या पाया पडतो. भात खा."

"चैतरामदादाले विचारून आली का?" दुर्पता म्हणाली.

वच्छलानं मान खाली घातली. त्यातच दुर्पताला जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकून घेतलं. "नेऊन टाक भांडं. लेकरं उपाशी असतीन तुह्यी."

"माहा भात खाल्ला तर तुह्यं बोट बुडते असं वाटते ना तुले?" वच्छला उठता उठता म्हणाली. "बुडू दे ना वो. बोटच बुडते, तू त नाही ना बुडत." भांडं तिथंच ठेवून ती गेली. तो भात मायनं दोन दिवस खाल्ला.

दसऱ्याच्या दिवशी डोंग्याची कड मोजायला दोघी घाटावर गेल्या, त्या शेवटच्या चालत गेल्या. दुर्पताच्या एका हातात काठी, दुसरा हात मायच्या खांद्यावर. मायनं पाण्यात हात घातला. एक बोट, दोन, तीन. चौथं तिनं दोनदा ठेवून पाहिलं.

"चार," माय म्हणाली आणि रडायला लागली. हे सुखाचं रडणं की दुःखाचं, ते तिचं तिलाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्पताला उभंच राहता येईना. उभं राहिलं की पाय एकमेकांना आडवे यायचे आणि ती खाली बसायची. घर ते घाट चारशे पावलं. कुणी धरून नेलं आणि पंचांनी त्यातच खोट काढली तर? तिनं मायलाही हात लावू दिला नाही. टोपली डोक्यावर पालथी घातली, हात टेकले आणि बसल्या बसल्या सरकत निघाली. हातावर जोर, मग बूड पुढं, मग मागून दोन पाय ओढत. दारादारात माणसं उभी होती. हसायला कुणी नव्हतं. एकेक बाई पदर तोंडाला लावून आत जात होती. घाट आला तेव्हा तिच्या तळव्यांची सालं गेली होती आणि बाकीचे डोंगे पाण्यात शिरलेही होते.

पंचांचा म्होरक्या बिसराम पिंपळाखाली बसला होता. चैतराम त्याच्या शेजारी. चैतरामनं तिला पाहिलं आणि दुसरीकडं बघायला लागला.

"बिसराम काका, मी आली," दुर्पता म्हणाली.

"दिसलं बाई," बिसराम म्हणाला. 

ती सरकत पाण्यात उतरली. पाण्यात शिरताच अंग हलकं झालं. दोन्ही हातांनी कड धरून तिनं स्वतःला डोंग्यात ओढून घेतलं आणि पाय हातांनी उचलून पुढं नीट ठेवले. डोंगा डुलला आणि स्थिर झाला. पाणी आत आलं नाही.

मग दुर्पता तळ्यात गेली. तिथं ती पांगळी नव्हती, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मायच्या पाठीशी बसून लहानपणी जे शिकली ते हातांना सगळं आठवलं. पानांचा चकवा, पाण्यावर तरंगणारा गोल झुबका, उचलायचा, उलटा करायचा, खालचे टपोरे शिंगाडे काट्यांच्या मधून चिमटीत धरून खुडायचे, चकवा पुन्हा पाण्यावर पसरायचा आणि डोंगा हातभर पुढं. वाऱ्याची लाट यायची तेव्हा कडेचं लाकूड ओलं व्हायचं, पण पाणी आत येत नव्हतं. तिला गाणं म्हणावंसं वाटलं. टोपली भरली. आपल्या पट्टीच्या त्या टोकाला जाऊन तिनं डोंगा वळवला, सगळे वेल एकदा डोळे भरून पाहिले आणि मग घाटाला आली.

बिसराम उठून काठाशी आला. "शाबास, दुर्पता. आता टोपली आन वर. इथं ठेव, पंचांपुढं."

घाटाच्या त्या सहा पायऱ्या, आणि पुढं पिंपळापर्यंत वीस पावलं. सरकत यायचं तर दोन्ही हात जमिनीला लागतात, भरलेली टोपली कशानं धरायची? तिनं टोपली मांडीवर घेतली आणि पाय हलवून पाहिले. पाय हलले नाहीत. तिनं पुन्हा जोर केला. डोंगा डुलला, दोन शिंगाडे पाण्यात पडले. घाटावर इतकी माणसं होती, पण सगळे बिसरामच्या तोंडाकडं पाहत होते आणि बिसराम चैतरामकडं.

"नेम आहे ना काका," चैतराम हळूच म्हणाला. "आपल्या हातानं ठेवाची."

दुर्पतानं टोपली घट्ट धरली. इतकं करून, पायही घालवून, वीस पावलांवर सगळं चाललं होतं. तिनं देवाला हाक मारली नाही. मायला मारली. माय कुठंतरी वर होती, हात पसरून आवाजाच्या दिशेनं येत होती, तिला पायरी सापडत नव्हती.

तेवढ्यात वच्छला आपल्या डोंग्यातून उतरली. तिनं स्वतःची टोपली तशीच टाकली, ओचा खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यातून आली. नवऱ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. ती पाठमोरी वाकली. "बाई, गळ्यात हात टाक. टोपली सोडू नोको, तुह्याच हातात राहू दे."

"वच्छले!" चैतराम ओरडला.

"टोपली तिच्या हातात आहे," वच्छला म्हणाली. "मी त फक्त बाईले उचलून राहिली. बाईले उचलू नाही असा नेम आहे का काका?"

बिसरामनं मान हलवली. नाही म्हणाला.

दुर्पतानं एक हात वच्छलाच्या गळ्यात टाकला, दुसऱ्यानं टोपली छातीशी धरली. वच्छला उठली. ती काडीसारखी बाई तिला पाठीवर घेऊन पाण्यातून निघाली, सहा पायऱ्या चढली, वीस पावलं चालली आणि पंचांपुढं गुडघ्यावर बसली. दुर्पतानं तिच्या खांद्यावरून वाकून टोपली आपल्या हातानं खाली ठेवली. बिसराम म्हणाला, पट्टी दुर्पताची. माणसांनी श्वास सोडला. चैतराम उठून निघून गेला.

वच्छलानं दुर्पताला पाठीवरून उतरवलं नाही. उतरवून ठेवणार कुठं, आणि कशी? घराकडं वळताना तिनं तिला जरा वर सरकवून घेतलं आणि ती थबकली.

"बाप्पा," ती म्हणाली, "तुह्यात त काही वजनच नाही उरलं वो."

हे एवढंच ऐकायला दुर्पतानं तीन महिने घालवले होते. तिनं वच्छलाच्या मानेत तोंड खुपसलं आणि सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला. आठ दिवसांनी दुसरी तोड होती, आणि घाटापर्यंत पुन्हा तीच चारशे पावलं.